कडेकोट बंदोबस्तातली स्कूटर

देवावर माझी श्रद्धा आहे, पण त्याच्या भरवशावर मी कधी राहिलो नव्हतो. दोन्ही गोष्टी एका माणसात गुण्यागोविंदाने नांदू शकतात, अशी माझी वर्षानुवर्षं समजूत होती. ती उलव्याच्या रस्त्यावर संपली. एका बाजूला डंपरची धूळ, दुसऱ्या बाजूला न सुरू होणारी नवीकोरी स्कूटर, आणि मधे मी, कपाळाला शेंदूर आणि हातात फुटलेल्या नारळाची अर्धी वाटी. पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाबा नवस फेडायला आलेत. बाबा खरं म्हणजे रडकुंडीला आले होते.

आमच्या शैलाची बारावी लग्नामुळे राहून गेली होती. मुलं मोठी झाली, सासूबाईंची, म्हणजे माझ्या आईची, दुखणी जरा आटोक्यात आली, तेव्हा तिने बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरला. आम्हाला सांगितलं ते फॉर्म भरून झाल्यावर. पहिलाच पेपर इंग्रजीचा आणि केंद्र आलं थेट उलव्याच्या एका शाळेत. बाकी सगळे विषय ती झोपेतही म्हणून दाखवेल, पण इंग्रजीने तिला तरुणपणीही घाबरवलं होतं. हा पेपर हुकला तर ती पुन्हा कधी परीक्षेला बसणार नाही, हे तिने मला सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी न सांगता कळतात, आणि बहुधा तेवढ्याच कळतात.

स्कूटर घेतली ती याच निमित्ताने. पनवेलमध्ये गाडी घरी आली की तिची पूजा होते, तशी आमच्याही सोसायटीच्या फाटकात झाली. चाकांखाली लिंबं चिरडली, आरशांना झेंडूच्या माळा घातल्या, हळदीकुंकवाने स्वस्तिक काढलं. शैलाने पुढे लिंबू-मिरची लटकवली. मी तळ्याकाठच्या गणपतीच्या देवळातून मंतरलेला लाल धागा आणून हँडलला वेटोळी घालून बांधला. आई खुर्चीत बसून वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्या न्याहाळत होती. "या बिल्डिंगीत डोळे फार आहेत रे," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, आमचं दैवी संरक्षण आता पूर्ण झालं. सैन्याच्या रणगाड्यालासुद्धा इतका बंदोबस्त नसेल.

पेपरच्या दिवशी आम्ही चांगलं लवकर निघालो. गाडी मधल्या मोठ्या स्टँडवरून उतरवली, बटण दाबलं, सुरू झाली. शैला मागे बसून माझ्या पाठीला इंग्रजीच्या पेपरात हमखास येणाऱ्या अर्जाचा मसुदा ऐकवत होती. विमानतळाच्या कडेकडेने रस्ता धरला. नव्या इमारती, अर्ध्या इमारती आणि इमारतींचे नुसतेच फलक मागे पडत होते. आईची आज्ञा होती की नव्या गाडीच्या पहिल्या लांबच्या प्रवासात वाटेत जो देव पहिला दिसेल त्याच्यापुढे नारळ फोडायचा. एका वळणावर मारुतीची घुमटी दिसली. मी घाईघाईत गाडी बाजूच्या स्टँडवर कलती केली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच, कारण जड गाडी मोठ्या स्टँडवर चढवण्याचा पराक्रम मी रोज खाली जमलेल्या मंडळींना दाखवत असे. नारळ फोडला, शेंदूर लावला, परत येऊन स्टँड वर केला आणि बटण दाबलं.

काही नाही. आवाज नाही, खोकला नाही. नुसता एक छोटा पिवळा दिवा लागला. त्यात एका पायावर कललेली गाडी दिसत होती. ते चित्र मी आपलं गाडीचं सर्वसाधारण चित्र समजलो.

मग मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणणं धाडसाचं होईल. ब्रेक दाबून बटण, दोन्ही ब्रेक दाबून बटण, डोळे मिटून बटण. सीट उघडून पेट्रोलच्या टाकीत डोकावलो. टाकी भरलेली होती, त्यामुळे तीही आशा संपली. गाडीला किक नव्हतीच. विकणाऱ्याने ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली होती आणि मीही मोठ्या अभिमानाने घरी सांगितली होती. विकणाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "सर, ब्रेक दाबून स्टार्ट करा." मग मी मारुतीकडे वळून हात जोडले, पुन्हा गाडीकडे वळून हात जोडले. शैला एका मोरीच्या कठड्यावर बसून अर्ज पाठ म्हणत होती. भरलेल्या रिक्षा न थांबता निघून जात होत्या. थोड्या वेळाने तिचं पुटपुटणं थांबलं. तिने पुस्तक पिशवीत ठेवलं आणि पिशवीची चेन लावली.

"अहो," ती म्हणाली, "राहू दे. उगाच उन्हात किती वेळ उभे राहाल!"

मी आयुष्यात पुष्कळ मागितलं आहे देवाकडे, पण प्रत्येक वेळी सोबत माझी एक योजना जोडून. अमुक कर, म्हणजे मी तमुक करतो. त्या क्षणी माझ्याकडे योजनाच उरली नव्हती. हात जोडायचंही सुचलं नाही. मी नुसता उभा होतो.

तेवढ्यात उरणच्या बाजूने एक जुनी स्कूटर आली आणि आमच्यापुढे जाऊन थांबली. मागे पावांच्या दोन क्रेट दोरीने बांधलेल्या, वर निळं प्लास्टिक. पन्नाशीचा गृहस्थ, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी.

"काय भाऊ, बंद पडली काय? नवी दिसते. माशाल्ला."

"सुरूच होत नाही हो. हिचा बारावीचा पेपर आहे उलव्याला."

त्याने शैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरीचा नाय, यांचाच?"

"माझाच," शैला म्हणाली. ती जरा तिखटच बोलली.

तो खळखळून हसला. "वा वा, बहेनजी! मग इथं खडे काय राहिलात?" बोलता बोलता त्याने क्रेट सोडून घुमटीच्या सावलीत उतरवल्यासुद्धा. "ही घ्या चावी. मीच सोडलं असतं, पण अनोळखी माणसामागं बसायला त्यांना अवघडल्यासारखं होईल. तुम्ही न्या. पुढचा ब्रेक जरा ढिला हाय, मागचा दाबा. मी बसतो हितं."

"आणि तुमचे पाव?"

"पाव जरा उशिरा खातील लोक. पेपर उशिरा घेतात काय?"

शैला तोवर मागे बसली होती. मी त्याची चावी घेतली आणि मग, निव्वळ सवयीने, माझ्या गाडीचं हँडल लॉक करून तिची चावी खिशात टाकली. ते त्याने पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. जुनी स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. भट्टीचा खरपूस वास आमच्याबरोबर उलव्यापर्यंत आला. शाळेचं फाटक अर्धं लागलं होतं. शिपाई ओरडला, "अहो ताई, पळा!" आणि माझी बायको, जिला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, ती पळाली.

परत आलो तेव्हा तो गृहस्थ माझ्या गाडीच्या रस्त्याकडच्या बाजूला बसला होता. डंपर फार जवळून जात होते म्हणून, असं म्हणाला. दोन्ही क्रेट त्याने गाडीच्या मागे आडव्या लावून ठेवल्या होत्या, लांबून दिसाव्यात म्हणून.

"पोचल्या?"

"पोचली. शेवटचीच."

"अल्हमदुलिल्लाह." मग तो जरा संकोचला. "भाऊ, खाली बसलो तेव्हा दिसलं. तुमच्या स्टँडच्या मागं काहीतरी अडकलंय. काळी बाहुली हाय. मी हात नाय लावला. घरच्या कोणीतरी भक्तीनं बांधली असंल, ती आपण कशी काढायची?"

मी रस्त्यावर आडवा झालो. कापडाची काळी बाहुली, केसांची वेणी घातलेली, बाजूच्या स्टँडच्या सळीला दोऱ्याने घट्ट बांधलेली. आईची करामत! कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून तिने अगदी खालची जागा निवडली होती. मोठ्या स्टँडवर असेपर्यंत ती निवांत लोंबत होती. बाजूचा स्टँड खाली-वर केला तशी ती मागे चिणली गेली. स्टँड बोटभर उघडा राहत होता. या नव्या गाड्या स्टँड पुरता मिटल्याखेरीज सुरू होत नाहीत, आणि तो पिवळा दिवा बिचारा मघापासून नेमकं तेच सांगत होता. मी दोरा तोडला. स्टँड खट्‌कन वर बसला. बटण दाबताच गाडी गुरगुरली.

आम्ही दोघंही मोठ्याने हसलो. मला मात्र हसता हसता भरून आलं. इतक्या गाठी मारून आम्ही गाडी देवाच्या हवाली केली असं म्हणत होतो, आणि खरं तर एकही गोष्ट त्याच्यावर सोडली नव्हती. या माणसाने आपली पोटापाण्याची गाडी एका अनोळखी माणसाच्या हाती दिली होती, तीही त्याला कुलूप लावताना पाहून. शरणागती हा शब्द मी कित्येक प्रवचनांत ऐकला आहे. तो असा टोपी घालून, रस्त्याकडेला मांडी घालून बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी क्रेट उचलायला हात लावला तेव्हा तो "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिला. त्याचं नाव विचारलं. इक्बाल, म्हणाला, आणि निघून गेला.

पेपर सुटेपर्यंत मी शाळेसमोर उभा होतो. शैला बाहेर आली ती बोटांना शाई, केस विस्कटलेले आणि चेहऱ्यावर एक तरुण उद्दामपणा. "अर्जच आला हो!" ती म्हणाली. पाणी प्यायली, आणि मग आजूबाजूला पाहत विचारलं, "ते कोण होते?"

असे अनुभव सांगताना पुढचं वाक्य काय असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. ते माझ्या ओठांवरही आलं होतं. पण मला त्याचं डंपरच्या धुळीत बसून राहणं आठवलं, ढिला ब्रेक आठवला, उशिरा पोचलेल्या पावांबद्दल आता त्याला दुकानादुकानांत ऐकून घ्यावं लागत असेल हे आठवलं. देवाला यातलं काहीच सोसावं लागत नाही. म्हणून मी तिला त्याचं नाव सांगितलं. तिने ते एकदा हळूच उच्चारलं. मग आम्ही दोघांनी उन्हात, शाळेच्या फाटकासमोर, उरणच्या रस्त्याच्या दिशेने हात जोडले, आणि या खेपेला माझ्याकडे मागण्यासारखं काहीच नव्हतं.