तीन हजारांवरचा काटा

भोसरीच्या एका कारखान्यात मी पाच वर्षं मापयंत्रं तपासायचं काम केलं. प्रेशर गेज, थर्मामीटर, टॅकोमीटर, ज्याला म्हणून काटा आहे ते सगळं माझ्या टेबलावर यायचं आणि खरं बोलायला लागल्यावरच परत जायचं. मग लग्न झालं, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आले आणि कागदोपत्री नवऱ्याची डिपेंडंट झाले. त्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. नवरा सकाळच्या ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा आणि दुपारपर्यंत माझा तीनदा ओटा पुसून व्हायचा. येऊन दोन वर्षं झाली होती आणि २००४ च्या त्या उन्हाळ्यात माझं डोकं कायम तापलेलं असे. "मग दिवसभर करतेस काय?" असं कुणी विचारलं की मी त्या माणसाशी बोलणंच टाकायचे.

काकूंनी तसं कधी विचारलं नाही, म्हणून मी त्यांच्याकडे जायला लागले. काका-काकू नात्यातले नव्हेत, ओळखीचे; आमच्या अपार्टमेंटपासून चालत दहा मिनिटांवर राहायचे. काका साठच्या दशकात नागपूरहून शिकायला आले ते इथलेच झाले, आणि आता रिसर्चच्या नोकरीतून रिटायर होऊन घरी होते. त्यांच्या गॅरेजमध्ये एक जुनी इंग्लिश गाडी होती. दोन सीटांची, उघडी, गडद हिरवी आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पाटावर बसणं. मुलगी व्हायच्या आधी दोघांनी ती हौसेनं घेतली होती. दर रविवारी दोघं त्या गाडीतून कालव्याच्या कडेकडेनं एका शेतावर जायची आणि टोमॅटो, मक्याची कणसं घेऊन यायची. घराजवळ चांगलं दुकान असताना एवढ्या लांबचे टोमॅटो कशाला, असं मला सुरुवातीला वाटायचं. मग एकदा त्यांना परत येताना पाहिलं आणि तो प्रश्न मिटला.

ऑगस्टमधल्या एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. काकू म्हणाल्या, "तू ते मीटर-बिटर रिपेअर करायचीस ना गं? आमच्या गाडीतलं एक बंद आहे. इंजिन किती फिरतंय ते दाखवतं ना, ते."

"टॅकोमीटर," मी म्हटलं. "पण काकांना कशाला लागतो तो? इतकी वर्षं चालवतायत."

काकूंनी दाराकडे बघितलं. काका बागेत होते, आणि तसेही त्यांना ऐकू आलं नसतं. तरी त्या आवाज खाली आणून बोलल्या. "माझं ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन आहे. हिप रिप्लेसमेंट, दोन्ही बाजूंची. ह्यांना मी सांगितलंय, तीन महिने गाडीत बसता येणार नाही. पण डॉक्टर काय म्हणाले माहितीये? इतक्या लो सीटवर पुन्हा बसायचंच नाही. कायमचं."

मी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"खरं कळलं तर हे उद्याच्या उद्या गाडी विकतील," काकू म्हणाल्या. "आणि मग दर रविवारी माझ्यासमोर पेपर घेऊन बसतील. माझ्यासाठी सोडलं म्हणून. मला नाही बघवणार ते. आधी ह्यांना एकट्यानं जायची सवय होऊ दे, मग सांगेन."

"पण त्यात टॅकोमीटरचं काय?"

तेव्हा त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. काका गिअर बदलायचे ते कानानं. इंजिनाचा आवाज अमुक इतका चढला की पुढचा गिअर, असं तीस वर्षं चाललं. मग कान गेले. हिअरिंग एड उघड्या गाडीत वाऱ्यानं शिट्टी मारतं, म्हणून ते काढून खिशात. मग एका रविवारी सेकंड गिअरमध्येच गाडी किंचाळत निघाली, लोक वळून बघायला लागले आणि काका आपले मजेत. काकूंनी काही न बोलता गिअरवरच्या त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि हलकेच दाबलं. काकांनी गिअर बदलला. "दोन वर्षं झाली. मी दाबते, हे बदलतात. त्याबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही," काकू म्हणाल्या.

काकूंनी स्वतः जन्मात ऑटोमॅटिकशिवाय दुसरी गाडी चालवली नव्हती.

काकांना हे त्यांनी माझं नाव पुढे करून पटवलं. पोरगी घरात बसून वेडी होईल, तिला काहीतरी काम द्या, असं सांगितलं. ते इतकं खरं होतं की मला रागही आला नाही. काकांनी मोठ्या मनानं गॅरेज उघडून दिलं, खुर्ची टाकली आणि सल्लागार म्हणून बसले.

बिघाड काय ते समजायला वेळ लागला नाही. या जुन्या गाड्यांमध्ये ठिणगी पाडण्यासाठी एक छोटा पॉइंट उघडमीट करतो, आणि त्यामुळे वायरमधून जाणाऱ्या करंटचे ठोके मोजून टॅकोमीटर चालतो. पॉइंटची फट वरचेवर जुळवावी लागते. काकांचे हात थरथरायला लागल्यावर त्यांनी बाजारातलं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट आणून बसवलं. गाडी झकास सुरू व्हायला लागली, पण नव्या किटचे ठोके वेगळ्या धाटणीचे होते आणि म्हाताऱ्या मीटरला ते कळेनात. काटा शून्यावर पडून राहिला. तेव्हा थोडंफार ऐकू येत होतं, म्हणून काकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आधी मी सोपा उपाय केला. मीटरच्या मागे त्या वायरचा एक जास्तीचा वेढा दिला, म्हणजे ठोका जोरात लागेल. इंजिन नुसतं गुरगुरत होतं आणि काटा उडी मारून सहा हजारांवर गेला. काका म्हणाले, "वा, उभ्या उभ्या फ्लोरिडाला निघाली." मी वेढा काढला, मीटरच काढला आणि घरी नेला. डायनिंग टेबलावर पेपर पसरून उघडला. आतलं जुनं काढून एक छोटं सर्किट बसवायचं आणि त्याला ठोके थेट इग्निशनच्या कॉइलवरून द्यायचे, असं ठरवलं. पार्ट पोस्टानं मागवले. सोल्डरिंगचा पहिला धूर नाकात गेला आणि मला रडू आलं. दोन वर्षांत मला कुणी काही दुरुस्त करायला दिलं नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, धूर डोळ्यात गेला वाटतं." मी म्हटलं, हो.

मग राहिलं ते काटा खरा करणं. त्याची एक युक्ती मी भोसरीत शिकले होते. ट्यूबलाइट सतत लुकलुकत असते, फक्त आपल्याला जाणवत नाही. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर खडूची रेघ ओढायची आणि ट्यूबलाइटखाली इंजिन हळूहळू चढवत न्यायचं. एका ठरावीक वेगाला फिरती रेघ जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते, आणि एकीच्या दोन होऊन समोरासमोर उभ्या राहतात. तेव्हा इंजिन बरोबर तीन हजारांवर असतं. हे मी तिथे इतक्यांदा केलं होतं की विचार करावाच लागत नसे. काकांच्या गॅरेजमध्ये जुनी ट्यूब होतीच. काका ॲक्सिलरेटरवर, मी पुलीसमोर वाकून. दोन रेघा थांबल्या, मी काटा तीन हजारांवर आणून ठेवला. गिअर इथे बदलायचा, असं काकांना बजावलं. त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत होते.

पुढच्या रविवारी दोघं परत आली ती एकमेकांशी न बोलता. काका उतरले आणि मलाच म्हणाले, "तू हिला सांग जरा. काटा अडीच हजारांवर असतो आणि हिचा हात पडतो. दर वेळी. ही घाई करते."

दोन वर्षांत त्या हाताबद्दल निघालेला तो पहिला शब्द, आणि तो तक्रारीचा निघाला.

"मला तर बरोबर वाटलं," काकू म्हणाल्या.

"वाटण्याचा काय संबंध? मीटर आहे ना समोर."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी पाच वर्षांच्या अनुभवाची इंजिनिअर, दोन वर्षांनी मला कुणीतरी माझ्या विषयातलं विचारत होतं. मी म्हटलं, "काकू, मीटर बरोबर आहे."

"असेल. मला काय कळतं त्यातलं," काकू म्हणाल्या आणि टोमॅटो घेऊन आत गेल्या. त्यांची चाल त्या दिवशी जास्तच अवघडलेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी हात मांडीवरच ठेवला, आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मला तिचं रडगाणं ऐकू येत होतं. मला ते खटकलं, तरी मी चूक गाडीवरच ढकलली. जुनी आहे, ओरडणारच.

चूक सापडली ती खोबऱ्याची चटणी वाटताना. मिक्सर मी पुण्याहून आणलेला, ट्रान्स्फॉर्मर लावून चालवायचा. त्या दिवशी तो उचलून पुसताना खालचं लेबल दिसलं. पन्नास हर्ट्झ. मी मिक्सर खाली ठेवला. भारतातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, अमेरिकेतली साठ. ट्यूबलाइट त्याच हिशेबानं लुकलुकते. भोसरीत ज्या वेगाला रेघा थांबतात तो तीन हजार, पण न्यू जर्सीत थांबतात तो छत्तीसशे. मी छत्तीसशेला तीन हजार म्हणून मोकळी झाले होते. कॉलेजातल्या पोरानं केली तर कान पिळावा अशी चूक.

आणि मग पुढचा हिशेब सुचला तशी मी चप्पल घालून निघालेच. माझा काटा अडीच हजार दाखवत होता तेव्हा इंजिन खरोखर तीन हजारांवर होतं. काकूंचा हात दर वेळी नेमका तीन हजारांवर पडत होता.

मी दारातच सगळं सांगून टाकलं. माफी मागितली. काकांनी हिअरिंग एड नीट बसवून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मग काकूंकडे वळले. "म्हणजे तू बरोबर होतीस? दर वेळी? कसं कळतं गं तुला?"

"पायाला कळतं," काकू म्हणाल्या. "गाडीच्या फरशीतून येतं ते."

काका म्हणाले, "मी उगीच बोललो तुला." आणि मला म्हणाले, "मग काढून टाक तो काटा. हिच्यापुढे त्याची गरजच काय?"

काकूंचा चेहरा इतका खुलला की मी नजर वळवली. एक क्षण मला वाटलं, आता त्या हो म्हणतील. "नको," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी कुठे आहे? लाव गं तू तो नीट." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं, आणि ते मला फार जड गेलं.

मी काटा पुन्हा लावला, या वेळी साठच्या हिशेबानं, दोनदा तपासून. ऑपरेशनच्या आधीचा रविवार आला. हवा गार झाली होती, काकूंनी स्कार्फ बांधला होता. सीटवर उतरायला त्यांना बराच वेळ लागला. बसल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. हा त्यांचा त्या गाडीतला शेवटचा रविवार आहे हे त्यांना माहीत होतं आणि मला. काकांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि गाडी काढली.

मी कोपऱ्यावर उभी राहून ऐकत होते. पहिला, दुसरा, तिसरा. एकही गिअर चुकला नाही. गाडी कुठेही ओरडली नाही.

तासाभरानं परत आली तेव्हा काका लहान मुलासारखे खूश होते. "परफेक्ट! काय काम केलंयस तू!" मला असं तीनदा म्हणाले. मग वळून त्यांनी काकूंना दोन्ही हात दिले, मोजून एक-दोन-तीन म्हटलं आणि वर ओढून उभं केलं. "आता तीन महिन्यांनी हं," ते म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

मी कणसांची पिशवी घेऊन त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून गॅसशी उभ्या राहिल्या. "एकदा रस्त्याकडे बघायचे, एकदा काट्याकडे," त्या म्हणाल्या. "जाऊन येईपर्यंत माझ्याकडे एकदाही बघितलं नाही ह्यांनी."

"काकू, पुन्हा बिघडवून देऊ का मी?" मी विचारलं, आणि मी थट्टा करत नव्हते.

त्या वळल्या. हसत होत्या आणि डोळे भरून वाहत होते. "नको गं," त्या म्हणाल्या. "आता येतंय ह्यांना."