व्यासपीठाखालून

हिंजवडीतली नोकरी सोडून मी ईश्वरविज्ञान शिकायला गेले तेव्हा नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. चाळिशीला आलेली बाई, चांगला पगार, कंपनीची बस दाराशी, आणि हिला आता देवाचं शिकायचंय! खूश होते ते फक्त पप्पा. त्यांना स्वतःला चर्चमध्ये पाळक व्हायचं होतं. पण वडील लवकर गेले, पाठीवर भावंडं, म्हणून खडकीच्या कारखान्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. मला एवढंच म्हणाले, "शीक. तुझा पहिला संदेश मी पहिल्या बाकावर बसून ऐकणार."

आमच्याकडे संदेश म्हणजे रविवारच्या उपासनेतलं प्रवचन. ते देवळातल्या, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, व्यासपीठावरून होतं, आणि आमच्या मंडळीत त्या व्यासपीठावर बोलायला कधी बाई चढलेली नव्हती. झाडायला चढायच्या तेवढ्याच.

पदवीदान लोणी काळभोरच्या पुढे, विद्यापीठाच्या मैदानात मांडव घालून झालं. वर रणरणतं ऊन आणि अंगात काळा झगा. पप्पा ठेवणीतला कोट घालून आले होते, घामाने निथळत होते, पण कोट काढेनात. माझं नाव पुकारलं तेव्हा मला खरंच रडू आलं. ज्या देवाने एवढ्या उशिरा का होईना, मला हाताला धरून इथवर आणलं, त्याचे उपकार कसे फेडायचे असं वाटत होतं. त्या दिवशीचा विश्वास आजही माझ्याजवळ आहे. देवाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार माणसांबद्दल आहे.

पुढच्या रविवारी मंडळीने माझ्यासाठी उपकारस्तुती ठेवली. घरात काही चांगलं झालं की आम्ही अशी उपासना ठेवून देवाचे जाहीर आभार मानतो. मी रात्रंदिवस घोकून संदेश तयार केला होता. उपासना सुरू व्हायच्या आधी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचे सेक्रेटरी हळूच जवळ आले.

"ताई, आपण साक्ष द्या. संदेश पाळकसाहेब देतील."

साक्ष म्हणजे देवाने माझं काय भलं केलं ते सांगायचं. ती कुणीही देतं. दारू सुटलेला माणूस देतो, दहावी पास झालेली मुलगी देते. आणि ती खाली उभं राहून द्यायची. मी खालच्या माइकवरून साक्ष दिली. माणसं गहिवरली, बिर्याणी संपली. घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "छान बोललीस. पण हा काही संदेश नव्हे."

"मग आत्ता ऐकवते ना. तयारच आहे माझा."

"नको. घरात होतं ते बोलणं. संदेश देवळात ऐकायचा असतो."

एकदा ठरवलं की ठरवलं, असा त्यांचा स्वभाव.

मी कमिटीला विनंती केली. "प्रार्थनापूर्वक विचार करू," असं उत्तर आलं. आमच्या मंडळीतला प्रार्थनापूर्वक विचार म्हणजे सरकारी फाइलच. फक्त तिच्यावर बसते ती धूळ पवित्र असते. कधी सण आडवा आला, कधी कमिटीची निवडणूक, कधी पाळकसाहेबांची बदली. मधल्या काळात मला संडे स्कूल दिलं. मुलांना मी आवडायचे, मला मुलं आवडायची, त्यामुळे कुणालाच कसली घाई नव्हती.

घाई होती ती पप्पांच्या कानांना. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग दाराची बेल ऐकू येईना. कानाचं मशीन आणलं, तर ते देवळातल्या लाउडस्पीकरसमोर शिट्टी मारायचं, म्हणून पप्पा तिथे ते काढून खिशात ठेवायचे. घरी येताना मात्र दर रविवारी विचारायचे, "काय म्हणतेय कमिटी?" मी मानेनेच नाही म्हणायचे. "देव ऐकतोय," ते म्हणायचे, "कमिटीलाही येईल ऐकू." माझ्या डोळ्यांदेखत वेळ निसटत होता आणि माझ्या हातात काही नव्हतं. त्याची चुटपुट अजून जात नाही.

शेवटी नवे पाळक आले. तरुण होते. त्यांनी कमिटीला विचारलंच नाही, सरळ पुढच्या रविवारचा संदेश मी देणार असं जाहीर केलं. मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. पप्पा पहिल्या बाकावर बसले होते, एकटक माझ्याकडे बघत. मी शास्त्रपाठ, म्हणजे ज्यावर संदेश बेतलेला असतो तो बायबलमधला उतारा, वाचला आणि बोलत गेले. पप्पा मान डोलवत होते, योग्य त्या जागी 'आमेन' म्हणत होते. पोचतंय, असं मला वाटलं. एवढं तरी देवाने त्यांच्यासाठी राखून ठेवलंय.

उपासना संपल्यावर बायका गळ्यात पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, आपण इतकं छान बोलता! आधीच का नाही बोललात?" माणसाने इतकं निर्लज्ज असावं आणि वर अहो-जाहोही सोडू नये! मी आमच्या रीतीप्रमाणे नुसता सलाम केला आणि पप्पांना हाताला धरून रिक्षात बसवलं.

घरी जेवायला बसलो. पप्पा फार समाधानात होते. रश्श्यात चपाती बुडवून त्यांनी चवीने दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "शास्त्रपाठ कोणता घेतला होतास?"

तो तर मी सगळ्यात आधी वाचला होता. म्हणजे पहिल्या ओळीपासून त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. शेजारचे 'आमेन' म्हणताना दिसले की तेही म्हणत होते.

मी सांगितलं. त्यांनी मशीन लावलेला कान पुढे केला. मी ओरडून सांगितलं, इतकं की समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून काय झालं म्हणून विचारलं. पप्पा माझ्या तोंडाकडे बघत हसले, "वा, छान घेतलास," म्हणाले आणि पुढचा घास घेतला. कोणता, ते त्यांना कळलं नव्हतं.