प्लायवूडचं गणकयंत्र

आमच्या गल्लीचं मंडळ गणपतीत दर वर्षी जिवंत देखावा करतं. म्हणजे पुतळे नाहीत, गल्लीतलीच माणसं सोंगं घेऊन उभी राहतात. सलग तीन वर्षं राक्षसाचा वध झाला आणि तिन्ही वर्षं राक्षस मेल्यावर पोट खाजवत होता, म्हणून यंदा ‘कायतरी मॉडर्न’ करायचं ठरलं. त्या बैठकीत मी होतो तो निवृत्त गणितशिक्षक म्हणून नव्हे, बैठक माझ्याच दारातल्या कट्ट्यावर भरली होती म्हणून. पण संधी मी सोडली नाही. म्हणालो, गणकयंत्रांचा इतिहास दाखवा.

आणि सुटलोच. फ्रान्समधल्या एका पोराने करवसुली करणाऱ्या बापाचा त्रास वाचावा म्हणून दातेरी चाकांचं बेरजेचं यंत्र कसं केलं, ते सांगितलं. एके काळी कॉम्प्युटर म्हणजे पगारावर आकडेमोड करणारी हाडामांसाची माणसं होती, पुढे आलेलं यंत्र अख्खा हॉल अडवून बसायचं, तेही सांगितलं. कार्यकर्ते मोबाईल बघत होते. शेवटी मी म्हणालो, युरोपात एक बुद्धिबळ खेळणारं यंत्र होतं, त्याने भल्या भल्या राजांना हरवलं, आणि खरं तर आत एक पट्टीचा खेळाडू दडून बसलेला असायचा.

अध्यक्षांनी एकदम मान वर केली. “म्हंजे आत मानूस बसीवला की झालं! सर, तुमीच बसा की.”

बायको म्हणाली, या वयात कपाटात बसणार? मी म्हणालो, मंडळाची सेवा. खोटं होतं ते. खरं असं की निवृत्तीनंतर मला कोणी काही विचारतच नव्हतं. नातू गणित मोबाईलला विचारतो. बायको तर आज तिथी कुठली, हेही मोबाईललाच विचारते, आणि मी समोर पंचांग घेऊन बसलेला असतो! याचं मला फार वाईट वाटायचं. गणपतीचे दहा दिवस का होईना, कोणीतरी विचारेल, एवढाच माझा स्वार्थ होता.

प्लायवूडचं कपाट झालं, त्यावर लुकलुकणारे दिवे आणि वर पाटी: ‘प्रश्न टाका, उत्तर घ्या’. आत मी, प्लॅस्टिकचं स्टूल, बॅटरी आणि चिमुकला पंखा. पहिल्या संध्याकाळी गुणाकार-भागाकार आले. मी फटाफट उत्तरं चिठ्ठीवर लिहून फटीतून सरकवली, बाहेर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र लोकांचा यंत्रावर भलताच विश्वास बसला. कोणी हार घातला, एकाने कोपऱ्यावर नारळ फोडला. गडहिंग्लजच्या एका पावण्यांनी विचारलं, म्हस गाभण हाय का न्हाय? मी लिहिलं, माहिती अपुरी, म्हशीला घेऊन या. एका बाईंनी सून कशी निघेल म्हणून विचारलं. मी लिहिलं, सून बरोबर आहे, सासूने पुन्हा तपासून पाहावे. रांग पार कोपऱ्यावरच्या मिसळवाल्यापर्यंत गेली होती आणि मी आत घामाघूम, पण इतका सुखी मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

चौथ्या दिवशी खालच्या गल्लीच्या तालमीतली पोरं आमची फजिती करायला आली. चिठ्ठी पडली: ४७८६ गुणिले ३५९७. मी केला, ताडून पाहिला, सरकवला.

“चूक हाय!” बाहेरून एक दणदणीत आवाज आला. “मोबाईलवर शेवटाला पाच आलाय. ह्यांचं मशीन फेल हाय!”

लोक हसले. यंत्राने गप्प बसायचं असतं, हे मला माहीत होतं. पण चौतीस वर्षं फळ्यापुढे काढलेल्या माणसाला गुणाकार चुकला म्हणायचं?

“सात सक बेचाळीस!” मी आतून गरजलो. “शेवटी पाच येईलच कसा? सहाच्या जागी पाच दाबलंयस, गाढवा! अंगठे धर!”

मी फटीतून पाहिलं. सव्वाशे किलोचा एक पैलवान भर रस्त्यात वाकून अंगठे धरून उभा होता. “चुकलं सर,” तो खालूनच म्हणाला. माझाच विद्यार्थी, सातवी ब, शेवटचा बाक.

मग काय, कपाटाची फळी काढली गेली आणि मी घामेजलेल्या बनियनमध्ये सगळ्या गल्लीला दिसलो. “मशीन कुटलं, नुस्ता मानूस हाय,” कोणीतरी म्हणालं. रांग मोडली. सुनेवाल्या बाई तर आणखी एक चिठ्ठी घेऊन आल्या होत्या, ती त्यांनी पुन्हा कमरेला खोचली. म्हणाल्या, “मानसाला काय इचारायचं?” उत्तरं तीच होती, लिहिणाराही तोच होता. मला रडू यायचंच बाकी राहिलं.

मांडवात मी आणि तो वाकलेला पैलवान, दोघेच उरलो.

“सर,” तो म्हणाला, “हातानं गुनाकार कसा करायचा, इसारलोय मी. पयल्यापासनं सांगता का?”

मी स्टूल पुढे ओढलं, चिठ्ठी उलटी केली, पेन्सिल काढली.

“सांगतो,” मी म्हणालो. “आधी अंगठे सोड.”