दहापैकी दोन

फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायच्या त्या. खांद्याच्या वर हात जायचा नाही. पुढच्या तासाला मी वर्गात शिरले की म्हणायच्या, "वरचा फळा तुमच्यासाठी कोरा ठेवला, बाई." माझाही हात वर जात नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

परतूरच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. दोघींचं दुखणं एकच, फायब्रोमायाल्जिया. रिपोर्ट सगळे चांगले आणि अंग मात्र रात्रंदिवस ठणकतं. घरचे म्हणतात, नाटकं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, नीट बघा. जालन्याच्या डॉक्टरांनी आम्हाला स्नायू सैल करणारी गोळी दिली. "लागू पडते का, दोन महिने पाहू. रोज वहीत दहापैकी आकडा लिहा," म्हणाले.

माझ्या वहीत आठ, आठ, नऊ. एकदा मधल्या सुट्टीत त्यांची वही टेबलावर उघडी दिसली. दोन, दोन, एक, दोन.

माझा नुसता जळफळाट झाला. गोळी तीच, डॉक्टर तेच, मग हिलाच कसा गुण यावा? त्या कण्हल्या की मला ढोंग वाटायचं. डबाही मी वेगळा खाऊ लागले. "या ना बाई, कवठाची चटणी आणली," त्या हाक मारायच्या. मी वह्या तपासायचं निमित्त काढायचे. त्या दोन महिन्यांत "कशा आहात" एवढंही मी त्यांना विचारलं नाही.

मग त्यांची स्वेच्छानिवृत्ती मंजूर झाल्याचंच कानावर आलं. निरोपाच्या दिवशी शाल घ्यायला त्यांचे हात वर होईनात. मला राहवलं नाही.

"दुखणं दोनवर आलंय की तुमचं. मग नोकरी कशाला सोडता?"

"दहापैकी दोन म्हणजे नापासच की, बाई. गोळीला मार्क द्यायचे होते ना? डॉक्टर तर दर वेळी वही पाहून म्हणू राह्यले, छान चाललंय, हीच चालू ठेवा. मी म्हणलं, आता आपल्याला याच्यापेक्षा बरं वाटणारच न्हाई."

मी पिशवीतून माझी वही काढली.

"तुमचे आठ-नऊ पाहिल्ते मी," त्या म्हणाल्या. "लई बरं वाटलं. म्हणलं, चला, एकीला तरी लागू पडली."

आता त्या तीर्थपुरीला बहिणीकडे असतात. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, जरा उतार आहे म्हणतात. नोकरी मात्र गेली ती गेलीच. मला त्यांचा हेवा अजून वाटतो. स्वतः दोनवर असताना माझ्या आठवर खूश व्हायचं, हे मला कधी जमलं नसतं.