बूट पॉलिशचं पिस्तूल

चंदीगडमधल्या दहशतवादाच्या वर्षांत आम्ही मित्र भाड्याच्या कॅमेऱ्यावर मारधाडीची फिल्म काढत होतो. मुल्लानपूरच्या शेतातून सायकलींवर परतताना तपासणी नाक्यावरच्या दोन जवानांपैकी एक रोज आमची पिशवी तपासायचा. आत बूट पॉलिशनं काळं केलेलं लाकडी पिस्तूल असायचं. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला हात वर करून उभं केलं. मग ओळख झाली. गरम पोळी उचलावी तसं तो पिस्तूल दोन बोटांनी उचलायचा, बोटं वाळूच्या पोत्याला पुसायचा आणि विचारायचा, "आज कौन मरा?"

"पम्मी, जी."

आमचा पम्मी मागून हात हलवायचा. जवान हसायचा.

एका संध्याकाळी त्याचा जोडीदार नाक्यावर नव्हता. दुपारी गोळीबारात तो गेला, हे आम्हाला नंतर कळलं. जवानानं पिशवी उघडली आणि पिस्तुलाला हात न लावता मिटली. मी सवयीनं सांगायला लागलो.

"आज मत बताओ, बेटा."

आमच्या फिल्मच्या शेवटी पम्मी गोळी लागून पडतो, मग कपडे झटकत उठतो आणि सायकलवर बसून घरी जातो. बघणारे हसतात. आम्ही हसू देतो.