राजवाड्याच्या अलीकडे

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी जुन्नरला खोली घेतली. कोपऱ्यावर एक पंक्चरवाला बसायचा. फुगवलेली ट्यूब गालाजवळ फिरवून तो भोक शोधायचा. एकदा मी विचारलं, "राहता कुठं?"

"ह्या मागंच, राजवाड्यात."

"वा! कुठल्या राजाचा?"

तो हसला. ट्यूब गालाशीच होती. "राजा न्हाई, भाऊ. आमी बौद्ध. वस्तीचं जुनं नाव जातीचं व्हतं. त्ये घ्यायची गावाला लाज वाटाया लागली, तवा ह्ये दिलं. वस्ती हाय तिथंच."

मी ओशाळलो. गावाची चीडही आली.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसात साहेबांनी विचारलं, "खोली कुठं घेतलीत?"

"राजवाड्याजवळ," मी म्हणालो, आणि कुणी न विचारताच घाईनं जोडलं, "पण अलीकडे."