सागवानी सुकाणू

दादांच्या होडीचे सुकाणू मोडले ते नाथसागरात, आमच्याच बुडालेल्या गावातल्या एका विहिरीच्या कठड्यावर आपटून. गाव धरणात गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. दादांचे नुकतेच लग्न झाले होते. पुढे प्रकल्पग्रस्त म्हणून त्यांना पाटबंधारे खात्यात नोकरी लागली आणि सगळी नोकरी त्याच पाण्याची पातळी मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी एका बंद पडलेल्या नौकानयन क्लबची जुनी शिडाची होडी विकत घेतली. दोन माणसे जेमतेम मावतील एवढी. शहरातल्या नातेवाइकांना ते खूळ वाटले. होडी धरणाकाठी एका मच्छीमाराच्या आवारात उपडी घातलेली असे.

वहिनी त्या होडीत कधी बसल्या नव्हत्या. त्यांना पोहता येत नाही. पण सुकाणू मोडले त्याच सुमारास डॉक्टरांनी दादांना काचबिंदू असल्याचे सांगितले. समोरचे दिसेल, बाजूचे कमी होत जाईल, गेलेले परत येणार नाही. दवाखान्यातून आल्यावर वहिनी म्हणाल्या, लग्न होऊन ज्या घरात आले त्या घरावरून मला एकदा न्या, नजर आहे तोवर. दादा लगेच हो म्हणाले.

म्हणून नवे सुकाणू हवे होते. मुंबईकडचा एक विक्रेता फोनवर घडीचे सुकाणू दाखवत होता. त्याचे पाते कशाला आपटले तर बिजागरीवर मागे उचलले जाई आणि दोरी ओढली की पुन्हा खाली येई. दुसरा मार्ग म्हणजे मोडलेले नमुन्याला देऊन सागवानात तसेच अखंड करून घेणे. हिवाळा सरत आला की पाणी उतरू लागते आणि गावातल्या दगडी भिंतींचे माथे पाण्याखाली थोडेच राहतात. होडीचे बूड त्यांच्यावरून निघून जाते. सुकाणू खोल गेलेले असते, ते अडकते.

वहिनींचे मत घडीच्या सुकाणूला होते. दादांचे म्हणणे, बिजागरी ढिली पडते आणि होडी कुठे वळतेय ते हाताला उशिरा कळते.

"तळ मला पाठ हाय," ते म्हणाले. "कुठं भिंत, कुठं विहीर, समदं."

"मग विहिरीवर कशाला आपटलात? पाणी भराया गेला व्हता व्हय?"

दादा हसले, पण निर्णय बदलला नाही. ज्यांना पाण्याची ओळख नाही त्यांच्यासाठी ते घडीचे असते, एवढेच मला म्हणाले. आयुष्यभर पातळी मोजलेल्या माणसाला ते कमीपणाचे वाटत होते. डोळ्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

शहरात औरंगपुऱ्याच्या एका गल्लीतल्या मिस्त्रीकडे आम्ही तुकडे घेऊन गेलो. त्याने ते उलटेपालटे करून पाहिले.

"भाईसाब, ये कौनसे दरवाजे का है?"

काम मात्र चांगले झाले. रिक्षातून घरी येताना दादा सुकाणू मांडीवर आडवे धरून बसले होते.

संक्रांतीनंतर एका सकाळी वारा बेताचा होता. वहिनी पदर खोचून होडीत बसल्या आणि शिडाच्या डोलकाठीला दोन्ही हातांनी धरून राहिल्या. मी काठावर थांबलो. घर सापडण्याची दादांची रीत ठरलेली होती. समोर टेकडीची खाच धरायची आणि डावीकडे नव्या गावठाणाची पाण्याची टाकी एका वडाच्या रेषेत आली की घर बरोबर खाली. दोन्ही खुणा एकाच वेळी दिसाव्या लागत. त्या दिवशी टाकीसाठी त्यांना पूर्ण मान वळवावी लागत होती आणि तेवढ्यात समोरची खाच सुटत होती. काठावरून मला होडी पुन्हा पुन्हा तिरकी होऊन सरळ होताना दिसत होती. होडीत काय बोलणे झाले ते वहिनींनी नंतर सांगितले.

"टाकी मी सांगते," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्ही म्होरं बघा."

"चुकलं तर सुकाणू मोडंल."

"मोडू द्या."

"मोडल्यावर वारा कुठं बी नेईल. तुला पवता येतं व्हय?"

दादांनी होडी माघारी वळवली. घर तिथून फार लांब नव्हते. काठाला लागल्यावर त्यांनी सुकाणू काढून पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घडीचं घ्यायला पायजे व्हतं."

नंतर ते मागवलेही. यायला उशीर लागला, तोवर पाणी इतके उतरले होते की होडीचे बूडही भिंतींना लागले असते. पुढच्या हिवाळ्यापर्यंत दादांची समोरची नजरही आकसली आणि होडी कायमची काठावर राहिली.

मच्छीमार आपल्या होडीतून वहिनींना न्यायला तयार होता. त्याचे सुकाणूवाचून चालते, तो वल्ह्यावर जातो. वहिनी नको म्हणाल्या. "त्याला काय ठावं, आपली चूल कुठं व्हती?"

खुणा मला पाठ आहेत, मी बरोबर जातो, असे मी म्हणून पाहिले. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि दादांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला आत गेल्या.